गोदाकाठी मुक्काम: नांदेडला येणाऱ्या पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि काउंटरवर जे विचारलं जातं ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे. निम्मे प्रश्न खोलीचे असतात, निम्मे फिरण्याचे. फिरण्याच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ उत्तर एकच आहे: नांदेडहून एका दिवसात एकच दिशा धरा. जिल्हा लांबरुंद आहे. नकाशावर बोटाने माहूर, औंढा आणि कंधार एका रेषेत जोडता येतात, गाडीने नाही.

हॉटेल खरंच नदीवर आहे, की नुसतं नावापुरतं?

खरंच नदीवर आहे. नांदेडचा जुना भाग गोदावरीच्या उत्तर काठावर वसलेला आहे आणि आमची मागची बाजू थेट पात्राकडे उघडते. समोरचा पलीकडचा काठ म्हणजे सिडको-हडकोकडची बाजू. नदी इथे साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. त्यामुळे गच्चीत नदीकडे तोंड करून उभं राहिलात की सूर्य डाव्या हाताला उगवतो आणि उजव्या हाताला मावळतो. दोन्ही वेळा पाण्यावर उजेड मिळतो, फक्त सकाळी उठायची तयारी हवी.

नदीकडची खोली घ्यावी की रस्त्याकडची?

कधी येताय आणि कशासाठी येताय, त्यावर आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येत असाल तर डोळे मिटून नदीकडची घ्या. या खोल्या दक्षिणेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे थंडीत दिवसभर ऊन आत येतं. सकाळी बगळे, पाणकावळे, टिटव्या दिसतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी भरलेलं असतं तेव्हाही हीच खोली बरी.

एप्रिल-मेमध्ये मात्र आम्ही स्वतःहून रस्त्याकडची खोली सुचवतो. तेव्हा पात्रात पाणी कमी असतं, जलपर्णी साचते आणि शहराचं सांडपाणी मिसळतं त्या ठिकाणांहून संध्याकाळी वास येतो. डासही असतात. खिडक्यांना जाळ्या आहेत, मशीन आहे, पण खिडकी सताड उघडी ठेवून झोपायचा विचार असेल तर नको. फोटो पाहून नदीकडची खोली मागायची आणि रात्री दहाला बदलून मागायची, असं दर उन्हाळ्यात होतं. म्हणून आधीच सांगितलं.

गोदावरीला पाणी कधी असतं?

हा प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर पावसाइतकंच धरणांच्या हातात आहे. नांदेडपर्यंत येणारी नदी वर पैठणला जायकवाडीच्या नाथसागरात अडवलेली आहे. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आहेत, आणि पूर्णेचं पाणी गोदावरीतच येऊन मिळतं. शहराच्या अगदी वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा आहे. शहराला पिण्याचं पाणी तिथूनच येतं आणि उपसा करून शेतीलाही तिथूनच जातं. त्यामुळे शहरासमोरच्या पात्रातलं पाणी म्हणजे विष्णुपुरीतून खाली सोडलेलं पाणी, अधिक स्थानिक पाऊस.

वरची धरणं भरत आली आणि विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की दोन-चार तासांत घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. आभाळ स्वच्छ असतानाही हे होऊ शकतं, कारण पाऊस वर कुठेतरी पडलेला असतो. अशा दिवशी पोलीस घाटाकडे जाऊ देत नाहीत आणि आम्हीही पाहुण्यांना गच्चीतूनच बघा म्हणतो. पूर आला म्हणून हॉटेलमध्ये पाणी येईल का, असंही विचारतात. जोत्याची उंची पूर पाहूनच ठरवलेली आहे. गाडी मात्र त्या काळात खालच्या पार्किंगमध्ये लावू नका, वरच्या गेटजवळ लावा.

फक्त नदी बघायला यायचं असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हा काळ धरा. पाणी असतं, गढूळपणा बसलेला असतो आणि ऊन सोसतं.

नदीत पोहता येतं का? निदान पाय बुडवून बसता येईल?

पोहणं नको. वाळूउपशाने पात्रात ठिकठिकाणी खोल खड्डे झालेले आहेत, वरून ते कळत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल डोक्यावर पाणी जाईल अशा जागी पडू शकतं. मुलांना एकटं काठावर सोडू नका. पायऱ्यांवर बसून पाय बुडवायचेच असतील तर घाटावर, लोक असतात तिथे.

चेक-इन, ओळखपत्र, जीएसटी वगैरे?

दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ११. खोली रिकामी असेल तर लवकर येणाऱ्यांना थांबवत नाही. प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं ओळखपत्र लागतं, एका कुटुंबाचं एक चालत नाही. परदेशी नागरिक असाल (कॅनडा, इंग्लंडहून येणारी शीख कुटुंबं बरीच असतात) तर पासपोर्ट आणि व्हिसा लागेल, कारण आम्हाला २४ तासांत फॉर्म सी, म्हणजे परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा अर्ज, भरावा लागतो. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, बिलात तो वेगळा दाखवतो.

लग्न न झालेल्या जोडप्यांना खोली देता का, असं चाचरत विचारतात. दोघंही सज्ञान, दोघांची ओळखपत्रं, बस. तुमचं नातं आम्ही विचारत नाही.

कसं यायचं?

रेल्वेने यावं हे उत्तम. स्टेशनचं नाव हुजूर साहिब नांदेड. मुंबईहून दिवसाची तपोवन आहे. रात्रीच्या प्रवासाला देवगिरी, नंदिग्राम आहेत. मुंबई-जालना वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून नांदेडपर्यंत येते. पंजाबातून येणाऱ्यांची गाडी म्हणजे अमृतसरहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस. तिच्या वाटेवरच्या स्टेशनांवर प्रवाशांना फुकट लंगर, म्हणजे सेवा म्हणून केलेलं जेवण, वाढतात, त्यामुळे डबा न बांधता निघालेले लोकही इथे भरल्या पोटी उतरतात.

विमानतळ शहराजवळच आहे, पण विमानसेवेचं वेळापत्रक हंगामागणिक बदलत असतं. तिकीट हातात आल्याशिवाय विमानाच्या भरवशावर खोली बुक करू नका.

रस्त्याने हैदराबाद आणि छत्रपती संभाजीनगर जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. स्टेशनबाहेर ऑटो मिळतो. बसण्याआधी भाडं ठरवा.

सचखंड गुरुद्वाऱ्यात शीख नसलेल्यांना जाता येतं का?

येतं, आणि जायलाच हवं. तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथे देह ठेवला, आणि त्याआधी आपल्यानंतर ग्रंथसाहिब हेच गुरू असं सांगितलं. आज दिसते ती वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. गुरूंच्या अंत्यसंस्काराची जागा असलेल्या आतल्या अंगीठा साहिब या खोलीत फक्त मुख्य सेवक जातात, आपण बाहेरून दर्शन घ्यायचं.

डोकं झाकलेलं हवं. रुमाल दारात मिळतो, पण स्वतःचा न्या. चपला जोडाघरात, पाय धुऊन आत. तंबाखू, सिगारेट, गुटखा खिशातही ठेवू नका, खोलीवर ठेवून जा. इथे आमचे मराठी पाहुणे हमखास अडकतात, खिशातली पुडी विसरलेली असते.

कोणत्या वेळी जायचं? आमच्या मते संध्याकाळी. इथे दिव्यांची आरती होते. पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांत ती सहसा दिसत नाही, म्हणून पंजाबहून आलेले लोकही ती लक्ष देऊन बघतात. त्यानंतर गुरूंच्या शस्त्रांचं दर्शन घडवतात. हे संपल्यावर घाईने बाहेर पडू नका, अंगणात थोडा वेळ बसा.

दुसरी वेळ भल्या पहाटेची. तख्त धुण्यासाठी रोज गोदावरीचं पाणी घागरीतून आणतात, आणि ती सेवा करणाऱ्याला गागरिया सिंग म्हणतात. नदीवरच्या हॉटेलात राहून गुरुद्वारा आणि नदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा पहाटे उठावं. दिवाळीच्या आधी तख्तस्नान असतं तेव्हा तर संगत, म्हणजे जमलेले भाविक, घागरी घेऊन नदीवर येते आणि शस्त्रंही धुऊन स्वच्छ केली जातात.

लंगर दिवसभर चालू असतो. फुकट आहे म्हणून संकोचू नका आणि फुकट आहे म्हणून ताटात टाकूही नका. जेवून झाल्यावर भांडी घासायला, पोळ्या लाटायला बसायचं असेल तर कोणी अडवत नाही. मुलांना घेऊन बसा, त्यांना मजा येते.

मग गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासातच का राहू नये?

राहा की. यात्रेसाठीच आला असाल, एक-दोन रात्रींचा मुक्काम असेल आणि पहाटेच्या सेवेला जायचं असेल तर ते आमच्यापेक्षा सोयीचं आहे, स्वस्तही आहे. गर्दीच्या दिवसांत मात्र तिथे खोली मिळेलच असं नाही. आमच्याकडे लोक येतात ते आई-वडिलांना लिफ्ट हवी असते म्हणून, चार दिवस राहून आजूबाजूला फिरायचं असतं म्हणून, किंवा निवांत नदी बघायची असते म्हणून.

खोली मिळणं कधी अवघड असतं?

दसरा, दिवाळी आणि होळीनंतरचा होला मोहल्ला. या सणांना हल्लाबोल मिरवणूक निघते. घोडे, निशाण, शस्त्रं घेतलेले निहंग (शिखांतला योद्धा पंथ), आणि रस्ते माणसांनी भरलेले. मिरवणूक बघायची असेल तर दोन महिने आधी बुक करा. ती टाळायची असेल तर त्या दिवशी शहरात गाडीच काढू नका. डिसेंबर-जानेवारीत गुरू गोविंदसिंग जयंतीलाही गर्दी असते.

याशिवाय एक दिवस असा आहे जो बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: मे महिन्यातला नीट परीक्षेचा रविवार. नांदेड हे शिकवण्यांचं मोठं गाव झालं आहे. त्या शनिवारी प्रत्येक लॉजवर आई-बाप आणि पुस्तकं असतात. रात्री कोणी मोठ्याने बोलत नाही. तुम्हाला शांतता हवी असेल तर खरं तर तीच उत्तम वेळ, पण खोली मिळाली तर.

गुरुद्वारा सोडून शहरात बघायला काय आहे?

अर्धा दिवस आरामात जातो. सकाळी गोवर्धन घाटापासून सुरुवात करा आणि नगिना घाट, बंदा घाट असं पायी चालत जा. नगिना घाटाची कथा अशी सांगतात की भेट मिळालेलं मौल्यवान रत्न गुरूंनी नदीत भिरकावलं, आणि देणारा चिडला तेव्हा त्याला पाण्यात तशीच असंख्य रत्नं दाखवली. बंदा घाटाचा संबंध माधोदास बैराग्याशी आहे. त्याची इथे गुरूंशी भेट झाली आणि पुढे तो बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात लढला.

मग किल्ला. नंदगिरीचा किल्ला नदीच्या वळणात असा बसला आहे की तीन बाजूंनी गोदावरी येते. फार काही शिल्लक राहिलेलं नाही, बुरुज आहेत, तटबंदी आहे. राजस्थानातले किल्ले बघून आलेल्यांची निराशा होईल. पण शहर इथेच का वसलं, हे तटावर उभं राहून पाच मिनिटांत समजतं.

संध्याकाळी नदी ओलांडून विष्णुपुरीकडे जा. शहरापासून दहाएक किलोमीटरवर शंकरसागर जलाशय आणि काठावर काळेश्वराचं मंदिर आहे. सोमवारी आणि श्रावणात गर्दी, एरवी शांत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्याच रस्त्याला आहे. ते १९९४ मध्ये स्थापन झालं. वाचनाची आवड असेल तर हे विचारवंत-लेखक नरहर कुरुंदकरांचं गाव आहे एवढं ध्यानात असू द्या. पीपल्स कॉलेजात ते शिकवत आणि पुढे तिथे प्राचार्य होते. १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं, पण इथल्या जुन्या माणसांशी पाच मिनिटं बोललात तर त्यांचं नाव निघतंच.

खरेदी म्हणाल तर गुरुद्वारा परिसरात कडे, किरपाण, पगडीचं कापड मिळतं. कपडालत्ता वजिराबादेत.

किरपाण विकत घेतली तर विमानात नेता येईल का?

हातातल्या बॅगेत नाही. चेक-इनच्या सामानात टाका आणि नीट गुंडाळा. सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहिल्यावर आम्हाला फोन करून उपयोग नसतो.

खायला काय मिळेल?

आमच्या किचनमध्ये सकाळी सुशीला आणि धपाटे असतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे सुशीला म्हणजे काय विचारतात. भिजवलेले मुरमुरे, कांदा, मिरची, दाण्याचं कूट, वरून कोथिंबीर. पोह्यांसारखी दिसते, पण त्याहून हलकी. धपाट्याबरोबर दही आणि जवसाची चटणी मागून घ्या, मेन्यूत लिहिलेली नसते. दुपारी ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा. ठेचा तिखट आहे का, असं विचारू नका. तिखटच आहे.

मांसाहारासाठी इतवारा आणि देगलूर नाक्याकडे जा. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, तेव्हा बिर्याणीचं वळण हैदराबादी असणारच. आमच्या बिर्याणीपेक्षा तिथली चांगली असते, हे आमच्या आचाऱ्यालाही मान्य आहे.

डिसेंबर-जानेवारीत आलात तर शेतावर हुरडा खायची सोय होते का, ते काउंटरवर विचारा. आमच्यातल्या निम्म्या लोकांची शेती आहे. आणि वेळ अमावास्येला, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या सणाला, कोणी शेतावर जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. भज्जी आणि आंबील ही हॉटेलात बसून खायची वस्तूच नाही.

माहूर एका दिवसात होतं का?

होतं, पण पहाटे निघावं लागतं. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या घरात, वाटेने कमीजास्त. गाडीला तीन तास धरा. रेणुकामाता महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. पायऱ्या चढून जावं लागतं आणि प्रसाद म्हणून कुटलेल्या विड्याचा तांबूल मिळतो. दात नसलेल्या आजीसाठी डबीत भरून आणता येतो. देवीशिवाय दत्तशिखर, अनसूयामाता, माहूरगड आणि पांडवलेणी आहेत. हे सगळं एका दिवसात उरकणारे बघितले आहेत, पण संध्याकाळी त्यांना कुठे काय होतं ते आठवत नाही. रेणुका, दत्तशिखर आणि जमलं तर गड, एवढं पुरे.

नवरात्रात जाऊ नका असं आम्ही सांगत नाही, कोण ऐकणार आहे. फक्त गाड्या खालीच थांबवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं, हे धरून वेळ काढा.

परतताना सहस्रकुंड करता येईल?

पावसाळ्यात असाल तर नक्की करा. जाताना हदगाव-उमरखेड-महागाव आणि येताना किनवट-इस्लापूर-हिमायतनगर-भोकर असा फेरा घेतला तर सहस्रकुंड वाटेवरच येतं. पैनगंगेचा हा धबधबा नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे. काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून नदी अनेक धारांनी कोसळते. जुलै ते ऑक्टोबर हा त्याचा काळ. मार्चमध्ये गेलात तर नुसता खडक बघून याल. खडक निसरडे असतात, सेल्फीसाठी कठड्यापलीकडे जाऊ नका.

किनवटच्या बाजूचा रस्ता सागाच्या जंगलातून जातो. गोंड, आंध, कोलाम लोकांची गावं लागतात. मराठवाडा म्हणजे ओसाड माळरान, अशी समजूत घेऊन आलेल्यांना आम्ही मुद्दाम या रस्त्याने पाठवतो. मात्र अंधार पडायच्या आत भोकर गाठायचं. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरेही किनवट तालुक्यात आहेत. ते या फेऱ्यात कोंबायचे असतील तर माहूरला एक मुक्काम करा.

औंढा नागनाथ?

साठेक किलोमीटर, वसमतवरून. निम्मा दिवस पुरतो. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे एक. गाभारा खाली आहे आणि उतरायची वाट अरुंद आहे. गुडघेदुखी असेल किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर वरूनच नमस्कार करा. मंदिराबाहेरची शिल्पं बघायला लोक विसरतात. प्रदक्षिणा हळू घाला.

औंढ्यापर्यंत गेलात तर हिंगोलीच्या पुढे नर्सी नामदेवलाही जा. संत नामदेवांचं हे जन्मगाव मानतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यामुळे पंजाबातून आलेले भाविक हुजूर साहिबनंतर नर्सीला आवर्जून जातात. आमच्याकडे आलेली कितीतरी मराठी कुटुंबं मात्र नर्सीचं नाव इथे पहिल्यांदा ऐकतात. वाटेत हळदीचं पीक दिसेल. वसमत-हिंगोलीची हळद प्रसिद्ध आहे, घरी न्यायची तर इथूनच घ्या.

कंधारचा किल्ला बघण्यासारखा आहे?

आम्हाला विचाराल तर जिल्ह्यात सगळ्यात दुर्लक्षित राहिलेली चांगली जागा हीच. लोह्यावरून पन्नासेक किलोमीटर. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळापर्यंत याचा इतिहास मागे जातो. भुईकोट आहे, भोवती रुंद खंदक आहे. पुढे बहामनी, निजामशाही, मोगल, निजाम असे सगळे येऊन गेले, आणि प्रत्येकाने काहीतरी बांधून ठेवलं. राष्ट्रकूटकालीन प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेष कंधारला सापडले आहेत. नुसतं पाऊल बघूनच मूर्ती केवढी असेल याचा अंदाज बांधावा लागतो. गावाजवळचा जगत्तुंग तलावही त्याच काळातला मानतात. टोपी, पाणी आणि दोन तास घेऊन जा. आत चहाची टपरीसुद्धा धरून चालू नका.

लोह्याहून लातूर रस्त्याने पुढे गेलं की माळेगाव, खंडोबाचं. मार्गशीर्षाच्या अखेरीला, म्हणजे डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला, इथे यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, खेचरं यांचा मोठा बाजार असतो, लाल कंधारी गाई-बैलांचं प्रदर्शन असतं, रात्री लावणी. गर्दी अफाट, धूळ त्याहून अफाट. पांढरे कपडे घालू नका.

होट्टल आणि बासर?

होट्टल देगलूरजवळ आहे. तिथली चालुक्यकालीन मंदिरं, त्यातही सिद्धेश्वर, शिल्पांची आवड असलेल्यांनी चुकवू नयेत. बाकीच्यांना तासाभरात कंटाळा येईल.

बासर तेलंगणात आहे, गोदावरीवरच. सरस्वतीचं मंदिर, मुलांचा अक्षरारंभ तिथे करतात. निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेने जाणं सगळ्यात सोपं, सकाळी जाऊन दुपारी परत.

नांदेडला राहून वेरूळ-अजिंठा होईल का?

नाही. त्यासाठी संभाजीनगरला मुक्काम करा. लोणारही इथून दिवसाभरात ओढाताणीचं होतं. ते संभाजीनगर किंवा जालन्याकडून बघा.

गाडी करावी की एसटीने जावं?

माहूर, औंढा, कंधार, देगलूर या सगळीकडे एसटी जाते. महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत. तिकीट वाचतं, पण सहस्रकुंड किंवा होट्टलसारख्या आडवाटेला परतीची गाडी हुकली तर दिवस जातो. चौघं असाल तर भाड्याची गाडी परवडते. किलोमीटरवर ठरवायची की दिवसावर, हे आदल्या रात्रीच पक्कं करा. ड्रायव्हरचं जेवण कोणाकडे, तेही.

शहरातल्या आणि शहराबाहेरच्या गुरुद्वाऱ्यांच्या दर्शनासाठी गुरुद्वारा परिसरातून ऑटो आणि बस मिळतात, एका फेरीत बहुतेक सगळी दाखवतात.

उन्हाळ्यात येणं शहाणपणाचं आहे का?

पारा ४२ च्या पुढे जातो. कार्य असेल, परीक्षा असेल तर इलाज नाही. यायचंच असेल तर सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर फिरा, मधल्या वेळात खोलीत पडून राहा. जनरेटर आहे. एसी चालतो, लिफ्ट चालते, गिझर मात्र जनरेटरवर चालत नाही.

नळाचं पाणी पिण्यासारखं आहे का?

प्यायला फिल्टरचं पाणी प्रत्येक मजल्यावर आहे, बाटली विकत घ्यायची गरज नाही. अंघोळीचं पाणी बोअरचं, क्षारयुक्त. साबणाला फेस कमी येतो.

मराठी येत नाही, अडचण होईल का?

नाही. मराठी, दख्खनी वळणाची हिंदी, उर्दू, पंजाबी, तेलुगू असं सगळं एकाच चौकात ऐकू येतं. आमच्या काउंटरवर पंजाबी बोलणारं कोणी ना कोणी असतंच.

चेक-आउटनंतर रात्रीची गाडी आहे, सामान ठेवता येईल?

हो, पैसे नाहीत. पावती घ्या आणि बॅगेला कुलूप लावा. तयार व्हायला तळमजल्यावरची बाथरूम वापरू देतो. स्टेशनला जाण्यासाठी ऑटो हवा असेल तर तासभर आधी सांगा, आणि सणाच्या दिवसांत दोन तास आधी. वजिराबादेत ट्रॅफिक अडकलं की ऑटोवाला काय, आम्हीही काही करू शकत नाही.